उन्हात थांबायचं कुणी?

उन्हाळ्यात जनावर पळवावं की नाही, हा वाद निघाला की दोन्ही बाजूंची माणसं जनावराकडेच बोट दाखवतात. एक म्हणतो, बघा कसा उधळतोय, त्यालाच पळायचंय. दुसरा म्हणतो, बघा कशा धापा टाकतोय, जीव घ्याल त्याचा. मला दोघांचंही पटत नाही. कडक उन्हात घोडा किती तापलाय हे त्याच्याकडे नुसतं बघून वेळेत कळत नाही, आणि ज्याच्या हातात लगाम किंवा कासरा असतो त्याला तर ते सगळ्यात उशिरा कळतं. म्हणून उन्हात स्पर्धा घ्यायचीच असेल तर थांबायचा निर्णय स्पर्धकाकडे ठेवू नये. तो आधीच ठरवून घड्याळाच्या आणि थर्मामीटरच्या हवाली करावा. बिद्रीच्या आसपास हा प्रश्न काही हवेतला नाही. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या या गावातून कुठल्याही दिशेला निघा, चैत्र-वैशाखात कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा लागतेच, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आला, शर्यती आल्या. बैलगाड्या पळतात, घोडागाड्याही पळतात. सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या शर्यती असाव्यात की नसाव्यात, याचा कज्जा तिथं मिटला. त्या किती उन्हात आणि किती वाजता असाव्यात, याकडं मात्र अजून कुणी नीट वळलेलंच नाही.

हा प्रश्न ज्यांनी आधी सोडवायला घेतला, त्यांचा खेळ आपल्याकडच्या यात्रेपासून फार लांबचा आहे. इव्हेंटिंग नावाच्या या स्पर्धेत एकाच घोड्यानं आणि एकाच स्वारानं तीन परीक्षा द्यायच्या असतात: आखीव चालींची ड्रेसाज, रानामाळातून ओंडके, चर आणि पाणवठे ओलांडत पळायची क्रॉस-कंट्री, आणि शेवटी मैदानातली शो-जंपिंग. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो घोडदळातल्या अधिकाऱ्यांचा कस म्हणून. लढाईला ऊन चालतं, मग परीक्षेला का नको, अशीच त्याची मूळ समजूत होती. ती समजूत खरी हलली १९९२च्या बार्सिलोनात. तिथल्या उन्हात मैदान मारून आलेल्या काही घोड्यांची अवस्था बघून, चार वर्षांनी अटलांटाच्या दमट जुलैत काय होईल या धास्तीनं पशुवैद्यांनी रीतसर अभ्यास सुरू केला. १९९६ला अटलांटात क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे सहनशक्तीच्या, दिवसातले टप्पे छोटे केले गेले, मध्ये जास्तीची सक्तीची विश्रांती घातली गेली, सुरुवात पहाटेकडे सरकवली गेली आणि पाण्याचा फवारा मारणारे मोठे पंखे उभे राहिले. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ला झालं तेव्हा १ ऑगस्टची क्रॉस-कंट्री सकाळी पावणेआठलाच सुरू केली. अंतर जेमतेम साडेचार किलोमीटर, ठरलेली वेळ ७ मिनिटं ४५ सेकंद. आपला फवाद मिर्झा त्याच स्पर्धेत सिन्यूर मेडिकॉट नावाच्या घोड्यावर २३वा आला. जगातले निवडक स्वार तिथं होते, जन्म घोड्याच्या पाठीवर गेलेले. तरीही उन्हाचा निर्णय त्यांच्यापैकी एकावरही सोपवलेला नव्हता.

का नव्हता, याचं उत्तर घोड्याच्या अंगात आहे. स्नायू काम करतो तेव्हा त्यानं वापरलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच हालचालीच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायची ती मुख्यतः कातडीवाटे. पण पाचशे किलोच्या घोड्याची कातडी असते फार तर पाच चौरस मीटर, म्हणजे किलोमागे हिशेब केला तर माणसाच्या निम्म्याहून कमी. वाटीतलं पाणी गार व्हायला किती वेळ लागतो आणि चुलीवरून उतरवलेल्या हंड्यातलं किती, एवढाच हा फरक आहे. घोडा त्यावर तोड काढतो ती घामाची. तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळायची ताकद त्याच्यात असते. खोगिराच्या कडेला, लगाम मानेवर घासतो तिथं आणि मागच्या मांड्यांच्या मधे जो पांढरा फेस साचतो, तो मळाचा नसतो. घोड्याच्या घामात लॅथरीन नावाचं साबणासारखं काम करणारं प्रथिन असतं. त्यामुळं घाम दाट केसांतून पसरतो आणि लवकर वाळतो. पण या घामात मीठ रक्तापेक्षाही जास्त असतं, आणि गोची इथंच होते. माणसाचा घाम रक्ताहून पातळ, त्यामुळं घाम गेला की आपलं रक्त खारट होतं आणि घशाला कोरड पडते. घोड्याच्या अंगातून पाणी आणि मीठ जोडीनं जातं, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि मेंदूला तहानेची वर्दीच मिळत नाही. अंगातलं कित्येक लिटर पाणी गेलेला घोडा बादलीत तोंड घालून नुसता फुरफुरतो आणि बाजूला होतो. मोतद्दार म्हणतो, पीत नाही, म्हणजे तहान नाही. त्याचं बघणं बरोबर असतं, काढलेला अर्थ मात्र उलटा.

तबेल्यातली दुसरी जुनी समजूत म्हणजे तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, अंग आखडतं. ही केवळ आपल्याकडची नव्हे, युरोपातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. अटलांटाच्या निमित्तानं झालेल्या अभ्यासांनी ती मोडीत काढली. धाव संपल्या संपल्या घोडा सावलीत घ्यायचा आणि सगळ्या अंगावर गार पाण्याचा मारा चालूच ठेवायचा, हाच आता शिरस्ता आहे. हवा दमट असली की घाम वाळत नाही, मग उष्णता वाहून न्यायला ते ओतलेलं पाणीच उरतं. असे शोध बघितले की अनुभवी माणसाबद्दलचा आदर कमी होत नाही, पण उन्हाच्या बाबतीत अनुभव हा एकटाच साक्षीदार पुरत नाही, एवढं कबूल करावं लागतं.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप ठरलेला: ती विलायती घोडी, थंडीत वाढलेली. आमची जनावरं उन्हातच जन्मली. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याला इतिहासाचा पाठिंबाही आहे. बिद्री ज्या कागल तालुक्यात येते, त्याच तालुक्यात सेनापती कापशी आहे, संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं गाव. संताजींच्या फौजेची मदार भीमथडीच्या काटक तट्टांवर होती, तर मोगली सरदारांच्या पागेत तुर्की आणि इराकी घोडे होते, उंच, भारी आणि खुराकाला मोठे. दख्खनच्या उन्हात लहान अंगाचं तट्टू टिकतं याला निसर्गाचं कारणही आहे, किलोमागे कातडी त्याच्या वाट्याला जास्त येते. खिलार बैलाचंही तसंच. पांढरी झळाळती कातडी ऊन परतवते, आणि वशिंडाच्या जातींना घाम युरोपी गुरांपेक्षा बरा येतो. शिवाय दोन-तीन आठवडे उन्हात टप्प्याटप्प्यानं मेहनत घेतली तर परदेशी घोडासुद्धा पुष्कळ सरावतो. पण सरावाचा अर्थ एवढाच की धोक्याची रेघ थोडी पुढे सरकते, पुसली जात नाही. संताजींचं तट्टू दिवसभराची मजल दुडक्या चालीनं मारत होतं. पैज लावून भर दुपारी चौखूर पळवण्यासाठी कुणी ते ठेवलेलं नव्हतं. स्नायूंची उष्णता वेगाबरोबर वाढते, तिला जात-कूळ कळत नाही. बैलाची तर आणखी पंचाईत. घोड्याएवढा घाम त्याला येत नाही, तो जिभेवर आणि श्वासावर भागवतो, वर पोटातला चारा आंबताना तयार होणारी उष्णता वेगळीच. बैलाची जीभ बाहेर आली आणि तोंडातून तार लोंबू लागली, की समजावं आतलं गणित केव्हाच बिघडलंय.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य असतो: नियम आहेच की. खरंच आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेले नियम सांगतात की दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांच्या वर जुंपू नये, आणि जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी १२ ते ३ जनावर वापरू नये. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे हंगामात ऊस घेऊन येणारी टायरगाडी डोळ्यांसमोर आणली तर हा नियम समंजस वाटतो. गाडी कमी वेगानं चालते, आणि हंगाम बहुतेक उन्हाळा तापायच्या आत आटपतो. पण शर्यतीच्या वेगाला हा ३७चा आकडा पुरत नाही, कारण तो नुसती हवा मोजतो. घाम वाळतो की नाही हे ठरवतो हवेतला ओलावा. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर घेतला तर ३९ अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता २० टक्के असताना, तो साधारण २२ दाखवतो. वळीव पडून गेल्यावर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर तोच २८च्या वर जातो. नियमाच्या लेखी पहिला दिवस धोक्याचा आणि दुसरा बिनधास्त. पळणाऱ्या जनावराच्या लेखी बरोबर उलट. कोल्हापूरचा मे महिना म्हणजे अशाच वळवाच्या दिवसांचा महिना. आभाळ आलं, ऊन उतरलं, चला आता गाड्या सोडू, असं ज्या घटकेला सगळ्यांना वाटतं तीच अनेकदा वाईट घटका असते. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ म्हणूनच वेगळा निर्देशांक वापरतो. त्यात ओल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० आणि सावलीतल्या साध्या हवेला फक्त १०. निघाला तो मुळात १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी, तरणीबांड पोरं कवायतीत उन्हानं कोसळत होती म्हणून. आकडा २८च्या आत असेल तर स्पर्धा नेहमीसारखी, पुढे पायरीपायरीनं काट मारायची, आणि ३३च्या वर गेला तर स्पर्धा सुरक्षितपणे घेणं बहुधा शक्य नाही, अशी त्यांची मांडणी आहे.

आता खरा आक्षेप, जो मनाला लागतो. मालक जनावराला लेकरागत वाढवतो. स्वतःच्या पोराला दूध नसेल पण बैलाला असतं. त्याला बाहेरच्या माणसानं, तेही हातात थर्मामीटर घेऊन, माया शिकवायची काय? माझ्या मते माया खरीच असते, आणि तिच्यावर संशय घेणारी शहरी भाषा मलाही आवडत नाही. पण शर्यतीच्या दिवशी मायेच्या जोडीला आणखी बरंच काही गाडीत बसलेलं असतं. प्रवेश फी, टेम्पोचं भाडं, गावाची इज्जत, गेल्या वर्षी हरवलेल्याचा चेहरा, आणि वर्षभर घातलेल्या पेंडीचा हिशेब. या सगळ्या गर्दीत आपलं जनावर ठीक आहे असं वाटणं हा लबाडीचा प्रकार नव्हे, माणसाचा स्वभाव आहे. ऑलिंपिकच्या स्वाराचंही घोड्यावर प्रेम असतंच, तरी दमलेल्या घोड्याला रेटलं तर इव्हेंटिंगच्या नियमात त्याला बाद करता येतं, आणि ते ठरवणारे पंच वेगळे असतात. उन्हातान्हात पोरं कबड्डी खेळतातच की, असंही कुणी म्हणेल. खेळतात, पण पोर मेटाकुटीला आलं की रेघेबाहेर जाऊन बसतं. कळपात राहणारं, मागून आवाज आला की पळायचं एवढंच शिकलेलं जनावर तसं बसत नाही.

राहता राहिला खर्च. ऑलिंपिकवाल्यांकडे पैसा आहे, यात्रा कमिटीकडे वर्गणी आहे, हे मान्य. पण इथं लागतं काय? दोन साधे थर्मामीटर, एक ओलं फडकं, काळा रंग दिलेला पत्र्याचा पोकळ गोळा आणि त्यात खुपसलेला तिसरा थर्मामीटर. पंखे नसले तरी पाण्याचा टँकर प्रत्येक यात्रेत असतो. आज तो धूळ बसवायला फिरतो. खरी अडचण पैशाची नाही, वेळापत्रकाची आहे. आधी गट, मग सेमी, मग फायनल ही पद्धत घ्या. सकाळी नऊची घोषणा, पहिली गाडी सुटेपर्यंत अकरा, सेमीला दोन-अडीच. त्यामुळं जे जनावर जिंकत जातं तेच जास्त वेळा पळतं, आणि त्याची मधली धाव नेमकी वाईट वेळेला येते. पहिल्याच फेरीत हरलेली जोडी मात्र दुपारी झाडाखाली रवंथ करत असते. याला इलाज आहे: गट पहाटे साडेसहाला सुरू करायचे, अकराला मैदान बंद, आणि सेमी-फायनल चारनंतर, तीही फडक्याच्या थर्मामीटरनं परवानगी दिली तरच. कमिटीवाले म्हणतील, मधल्या पाच तासांत माणसं उठून जातील, रसवाल्या-भेळवाल्यांचं काय? माणसं जात नाहीत. आपल्याकडे कुस्तीचं मैदान दुपारी भरतं आणि मोठ्या जोड्या दिवेलागणीला लागतात, तरी निकाली कुस्ती बघितल्याशिवाय पब्लिक उठत नाही. शर्यतीच्या मैदानावर तीच मंडळी पाच वाजता का येणार नाहीत, याचं उत्तर कमिटीनं द्यावं.