पट्ट्याचे बॉल



आपल्या बायकांच्या पिशवीत काय असतं ते निराळं सांगायला नको. गाळलेल्या पाण्याची बाटली, एक गाळणं, दशम्या, कोरडी चटणी. लग्नाला जा, तीर्थाला जा की नागपूरला डॉक्टरकडे जा, आपलं आपल्यासोबत. त्यामुळे ‘बाहेरून आणण्यास मनाई आहे’ अशी पाटी दिसली की माझ्या कपाळाला आधी आठी पडते. मे महिन्यात पुण्यात अशीच पाटी दिसली. पण ती डब्यासाठी नव्हती, गोल्फच्या बॉलसाठी होती.

आमचा नातू तेरा वर्षांचा. त्याच्या सोसायटीतला एक मित्र गोल्फ शिकतो, म्हणून हाही शिकतो. सुट्टीत मी पुण्याला गेले तेव्हा एका रविवारी सकाळी मुलगा आम्हा दोघांना तिथे घेऊन गेला. त्या जागेला ड्रायव्हिंग रेंज म्हणतात. खरा खेळ मोठ्या मैदानावर भोकाभोकाने होतो, रेंज म्हणजे नुसती तालीम. एका ओळीत खोल्यांसारखे कप्पे, समोर लांबच लांब हिरवळ, त्यावर अंतराच्या पाट्या. काउंटरवर पैसे द्यायचे, बादलीभर बॉल घ्यायचे, आणि एकेक ठेवून मारत सुटायचं. मारलेला बॉल आणायला कोणी जायचं नाही. मला तर हे फारच चमत्कारिक वाटलं. क्रिकेटचा बॉल शेजारच्या वाड्यात गेला तर मुलं भिंती चढतात, आणि इथे पन्नास बॉल फेकून लोक हात हलवत घरी!

नातवाच्या खांद्याला एक जाळीची पिशवी होती, त्यात त्याचे स्वतःचे वीसेक बॉल. काउंटरवरच्या माणसाने पिशवी बघितली आणि पाटीकडे बोट केलं. स्वतःचे बॉल इथे मारता येणार नाहीत. मुलगा म्हणाला, जागेचे पैसे घ्या, बॉल आमचे वापरू द्या. तो नाही म्हणाला. त्याने पिशवीत हात घालून एक बॉल काढला, बोटांत फिरवून पाहिला आणि परत ठेवला. बोलला काहीच नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात राहिली, पण अर्थ कळला नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, “दादा, पोराचे स्वतःचे आहेत, तुमचे वाचतात. तुमचं काय बिघडतं?”

तो हसला. “आजी, तुमच्या घरच्या भांड्यांवर नाव असतं ना? कशाला घालता?”

झालं, एका वाक्यात गप्प केलं मला. लग्नघरी वीस घरची पातेली, कढया, वाट्या एकत्र येतात. रात्री घासून ढीग लागला की कोणाचं काय ते नावावरूनच कळतं. नाव नसलेली वाटी गेली ती गेलीच, आणि एखादी दुसऱ्याचीच आपल्या घरी येऊन वर्षानुवर्षं नांदते. माझ्याकडे अशी एक परात आहे, तिच्यावर कोणा ‘सौ. कमल’चं नाव आहे, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कमल कोणी नाही.

मग त्याने नीट समजावलं. रेंजच्या बॉलवर रंगीत पट्टा असतो, तीच त्यांची नाव घातलेली वाटी. एक गाडी पुढे जाळी लावून हिरवळीवर फिरते, सगळे बॉल गोळा करते, ते धुतले जातात, फुटके काढून टाकतात आणि पुन्हा बादलीत येतात. त्यात बाहेरचा बॉल मिसळला की तो कोणाचाच राहत नाही. ज्याचा त्याला सापडणार नाही, आणि तो शोधायला कोणी हिरवळीत उतरला तर मागून कप्प्याकप्प्यातून बॉल सुटतच असतात, डोकं फुटेल. जिथे हिरवळ आखूड आणि कडेला उंच जाळ्या असतात, अशा काही रेंजवर मुद्दाम कमी उडणारे बॉल ठेवतात. तिथे चांगला महागडा बॉल मारला की जाळीपलीकडे रस्त्यावर. आणि शेवटचं कारण त्याने जरा आवाज खाली करून सांगितलं. आत येताना ज्याच्या पिशवीत बॉल, त्याच्या पिशवीत जाताना किती आणि कोणाचे, हे कोण तपासणार? नाही म्हणायला, शेजारी एक छोटी हिरवळ होती, तिथे हलकेच जवळून मारायचा सराव करतात. तिथे आपले बॉल चालतात, कारण मारलेले आपणच वेचून आणतो.

मुलगा घरी येताना म्हणाला, हा सगळा धंदा आहे, बादलीचे पैसे बुडू नयेत म्हणून. मी म्हटलं, बरोबरच आहे. बादलीचे पैसे बॉलचे नसतात, फटक्यांचे असतात. आपले बॉल मारून जागा, हिरवळ, गाडी फुकट वापरायची, हा कुठला हिशोब? बी.कॉम. झालेल्या बाईसमोर असलं बोलायचं नाही.

बी.कॉम.वरून आठवलं. वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजात आम्हाला १८७२चा करार कायदा होता. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असतो त्याला निक्षेप म्हणतात, आणि त्या प्रकरणात माल मिसळला तर काय, याची तीन कलमं आहेत, १५५ ते १५७. त्यातली उदाहरणं मला अजून पाठ आहेत, कारण एक कापसाचं होतं आणि एक पिठाचं, दोन्ही आपल्या ओळखीचे. एकाने विशिष्ट खुणेच्या कापसाच्या १०० गाठी दुसऱ्याकडे ठेवल्या. दुसऱ्याने न विचारता त्या निराळ्या खुणेच्या आपल्या गाठींत मिसळल्या. खूण आहे, म्हणजे वेगळ्या करता येतात. तेव्हा मालकाला त्याच १०० गाठी परत, आणि निवडण्याचा खर्च मिसळणाऱ्याने करायचा. पिठाचं मात्र तसं नाही. ४५ रुपयांचं भारी पीठ २५ रुपयांच्या पिठात मिसळलं की कोणी माईचा लाल ते निवडू शकत नाही, तिथे नुकसानभरपाईच. रेंजचा प्रकार अगदी याच कलमाखाली येतो असं नाही. पण पट्टा आहे तोवर बॉल म्हणजे कापसाची गाठ, आणि पट्टा गेला की पीठ, एवढं मला त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या जाणवलं.

तो बॉल मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, सवयच आहे. ४५ ग्रॅमच्या वर भरला. नियमाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. जुन्या तोळ्याने चार तोळ्यांना जरा कमी. पूर्वी म्हणे हे बॉल चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून करायचे. १८४८च्या सुमारास झाडाच्या चिकाचे आले आणि पिसांचे मागे पडले. आता रबर आणि प्लास्टिक. बरं झालं, नाहीतर मी त्याला हात लावला नसता. आणि हा काही आता नुसता साहेबांचा खेळ राहिला नाही हो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिची पिशवी सांभाळायला मैदानभर तिची आईच फिरत होती.

आता खरी गोष्ट.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा तुम्हाला माहीत आहे. एरवी गाव रेल्वे स्टेशनापुरतं, पण त्या दिवशी लाकडी बैल बघायला कुठून कुठून माणसं येतात. मुलगा, सून, नातू दर वर्षी येतात. आमच्या लाकडी नंदीच्या पोटाखाली मुलाचं नाव त्याच्या आजोबांनी तेलरंगाने लिहून ठेवलं आहे, आता तोच नंदी नातू ओढतो. यंदा बोजारा गोळा करून झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला ओट्यावरून कसलासा उग्र वास आला. बघते तर हा पठ्ठ्या मांडी घालून बसलेला, बाजूला माझा देवपूजेच्या वातींचा कापूस, त्याच्या आईची नेलपॉलिश काढायची बाटली, आणि हातात बॉल. लाल पट्टा घासत होता. निम्मा निघाला होता, निम्मा गुलाबी होऊन पसरला होता. असे सहा बॉल.

“हे कुठले रे?”

“माझेच आहेत, आजी. विकत घेतलेत.”

चोरले नव्हते, हे खरं होतं. रेंजच्या कुंपणाबाहेर झाडीत पडलेले बॉल वेचून एक मुलगा विकतो. वीस रुपयाला एक. साधे आणि पट्ट्याचे असे मिसळून त्याच्या पिशवीत असतात. काउंटरवरच्या माणसाने बॉल फिरवून का पाहिला ते मला त्या क्षणी कळलं. त्याने पोराला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण.

“मग पट्टा कशाला पुसतोस?”

तो गप्प.

पाठशाळेत आपण सगळ्यांनी अचौर्याणुव्रत घोकलंय. दुसऱ्याचं ठेवलेलं, पडलेलं, विसरलेलं, न दिलेलं घ्यायचं नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात त्याचे अतिचार सांगितले आहेत, त्यात चौरार्थादान आहे, म्हणजे चोराने आणलेलं घेणं, आणि सदृशसन्मिश्रही आहे, एकसारखं दिसणारं एकमेकांत मिसळणं. कुंपणाबाहेर पडलेल्या बॉलसाठी याहून नेमकं काय सांगायचं? तोंडावर आलेलं होतं सगळं. पण पोराच्या हातातला तो गुलाबी कापूस पाहिला आणि माझे शब्द घशातच राहिले.

मैत्रिणींनो, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं सरकी-ढेपेचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट, लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील. पावसाळा तोंडावर, मागच्या शेडचे पत्रे गळके, आणि हातात पैसा नाही. एका संध्याकाळी एक माणूस ताडपत्री घेऊन आला. भारी, जाड, बाजारात मिळते त्याच्या पाव किमतीत. कोपऱ्यावर रेल्वेची अक्षरं होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. पैसे दिले. रात्री ह्यांनी अक्षरांचा कोपरा कात्रीने कापला आणि चुलीत टाकला. कापलेली कड उसवू नये म्हणून दुमडून मशीनवर शिलाई मीच मारली. दोनदा सुई तुटली. रोकडवहीसुद्धा मीच लिहायचे. त्या दिवशी मी ‘ताडपत्री, किरकोळ’ असं लिहिलं, कोणाकडून ते लिहिलं नाही. अकरा पावसाळे त्या ताडपत्रीने आमची ढेप कोरडी ठेवली. दर भाद्रपदात दशलक्षणात मी उपवास केले, प्रतिक्रमण केलं, आणि त्या कडेची शिलाई कधी आठवू दिली नाही.

हे सगळं मी नातवाला तिथेच ओट्यावर सांगितलं. सून दारात उभी होती. आणि आतल्या खोलीत आराम खुर्चीवर हे पेपर वाचत होते, ते मला माहीत होतं.

“आजोबांनी?” नातू म्हणाला.

“आजोबांनी कापलं, मी शिवलं.”

पेपरचा आवाज थांबला. थोड्या वेळाने हे बाहेर आले, चप्पल घातली, आणि “हे पोरासमोर सांगायची काय गरज होती?” एवढं म्हणून स्टेशनाकडे निघून गेले. सूर्यास्ताआधी परतले नाहीत, म्हणजे त्या दिवशी जेवण नाहीच. दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलले. चाळीस वर्षांच्या संसारात असे दोन दिवस मी फार थोडे काढले आहेत. माझंही मन खात होतं. ह्यांना आधी विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर सांगू दिलं नसतं, आणि मग मी पोराला पाठशाळेतलं ऐकवून मोकळी झाले असते. हे इथे लिहिण्याआधी मात्र मी विचारलं. ह्यांनी नुसती मान हलवली, ती होकाराची समजून लिहिते आहे.

मुलाचं म्हणणं वेगळंच. “आई, सहा बॉल परत द्यायला कोण जातं? उलट त्यांना वाटेल आम्हीच उचलले.” वाटू दे, मी म्हटलं. शिवाय आता पट्टे पुसलेले, तेव्हा वाटणारच. नातू मात्र काही बोलला नाही. जाताना त्याने ते सहा बॉल माझ्या जुन्या कापडी पिशवीत वेगळे बांधून नेले.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. काउंटरवर तोच माणूस होता. याने पिशवी पुढे केली, कुठून घेतले ते सांगितलं. त्या माणसाने एकेक बॉल फिरवून पाहिला, गुलाबी झालेला जरा जास्त वेळ पाहिला, आणि सगळे धुवायच्या टोपलीत टाकून दिले. पिशवी घडी करून परत दिली. बस्स, एवढंच.

हे शेजारी बसून ऐकत होते. मी फोन ठेवणार तेवढ्यात पुढे वाकून म्हणाले, “काही म्हणाला का रे तो तुला?”

“नाही, आजोबा. फक्त विचारलं, बादली किती बॉलची देऊ.”