बोर्डातला नट

सातारा-सांगलीकडे आटे पाडणारा माणूस शोधावा लागत नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर कारखाना काढला, साताऱ्यात कूपरचे नांगर आणि डिझेल इंजिनं निघाली, आणि आज कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत लेथ फिरताहेत. त्यामुळे सर्किट बोर्डात नट बसवायचा म्हटलं की सल्ला ठरलेला : "भोक पाड, टॅप मार, झालं!" बोर्ड म्हणजे लोखंड नव्हे, हे इथे पटवणं अवघड.

•

हिशेब साधा आहे. बोर्ड 1.6 मिलिमीटर जाड, एम-3 स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर 0.5. म्हणजे धरायला जेमतेम तीन आटे, तेही काचतंतू आणि एपॉक्सीचे. चार वेळा उघडझाक केली की स्क्रू नुसताच गरगरतो.

•

हवा तो दाबून बसवायचा नट : अंगावर उभे दाते, एका टोकाला कॉलर. पत्र्यातला दाबनट वेगळा. तिथे पत्रा दबून नटाच्या खाचेत शिरतो. बोर्ड तसा दबत नाही, म्हणून दात्यांनीच भोकाच्या कडेत रुतायचं. भोक दात्यांच्या बाहेरच्या मापाहून किंचित लहान हवं. व्हर्नियर लावा, अंदाज नको. थ्रीडी प्रिंटवाले तापवून बसवतात ते पितळी इन्सर्ट इथे चालत नाहीत. एपॉक्सी वितळत नाही, करपते.

•

बाजू चुकली की सगळं गेलं. नट ज्या बाजूने दाबला, त्याच्या पलीकडे जोडायची वस्तू यावी. मग स्क्रू आवळताना कॉलर बोर्डावर ओढली जाते. उलटं केलंत तर जितकं आवळाल तितका नट उपटून येईल.

•

हातोडी नको. बेंच व्हाइस पुरतो. भोकाखाली नटाला वाट देणारी, भोक पाडलेली सपाट पट्टी ठेवायची आणि सरळ, सावकाश दाबायचं. कॉलर टेकली की थांबा. पुढचा प्रत्येक पीळ बोर्डाचे थर सोडवतो, भोकाभोवती पांढरट डाग उमटतो. आणि हे काम पार्ट लावायच्या आधी. बोर्ड वाकला की सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जातो. डोळ्यांना दिसत नाही. मग विहिरीवरच्या स्टार्टर पेटीतला हाच बोर्ड ऐन पाण्याच्या पाळीला बंद पडतो.

•

स्वस्तातला तपकिरी फिनॉलिक बोर्ड दाबनटाच्या वाटेला नेऊच नये, चिरतो. त्याऐवजी डाग देऊन नट चिकटवायचा तर पितळी किंवा कथिल चढवलेला घ्या. स्टेनलेसवर साधं सोल्डर धरत नाही. तरी ओढ पडली तर बोर्डावरचं 35 मायक्रॉनचं तांबं सालीसारखं सुटतं.

•

ड्रिल करताना काचेची धूळ उडते. तोंडाला मास्क, आणि पंखा बंद.

•

माझं मत : मागून पाना जात असेल तर साधा नट आणि वायसर लावून मोकळं व्हावं. दाबनट फक्त तिथे, जिथे पेटी बंद झाल्यावर मागे हात पोचत नाही.