न फोडता आत कसं बघायचं?



"पदार्थ कणांचा बनलेला असतो" हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात. पण एखादं मूल विचारतंच, "बाई, कण दिसत नाहीत, मग कळलं कसं?" "पुढच्या वर्गात शिकशील" म्हणून त्याला खाली बसवू नका. त्याला लुंडची गोष्ट सांगा.

स्वीडनमधल्या लुंड शहरात २०१४ पासून एक प्रचंड प्रयोगशाळा उभी राहत आहे, युरोपियन स्पॅलेशन सोर्स. युरोपातील १३ देश मिळून ती बांधतात. सुमारे ६०० मीटर लांबीच्या यंत्रातून प्रोटॉन वेगाने सोडायचे आणि टंगस्टन धातूच्या फिरत्या चाकावर आदळवायचे, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर उडतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो धातूच्याही आत खोलवर शिरतो. तो कुठे, कसा वळला यावरून आतली रचना कळते. बॅटरी, प्रथिने, यंत्रांचे भाग, सगळं न फोडता तपासता येतं.

हेच वर्गात करून पाहा. पुठ्ठ्याखाली एक ठोकळा लपवा. चारी बाजूंनी गोट्या सोडा. गोटी कुठून गेली, कुठून आली, ते कागदावर रेघांनी दाखवा. माझ्या वर्गात मुलांनी रेघा पाहून "त्रिकोण आहे!" असं ओळखलं. एरवी गप्प बसणारी एक मुलगी सगळ्यात आधी बोलली.

यावर एका पालकांनी विचारलं, "मॅडम, गोट्या खेळून मार्क वाढतील का?" प्रश्न रास्त आहे. पण चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला १९३२ साली. त्याने पदार्थ तपासण्याची पद्धत घडवणाऱ्या ब्रॉकहाउस आणि शल यांना नोबेल मिळालं १९९४ मध्ये! ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात काम केलेले आपले पी. के. अय्यंगार यांनी पुढे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात हेच संशोधन रुजवलं. विद्येची फळं अशी सावकाश पिकतात.

आणखी एक गोष्ट. लुंडला अनेक देशांनी नुसते पैसे नाही, तर यंत्राचे भागच बनवून दिले. टंगस्टनचं चाक स्पेनने बनवलं. गटकार्य म्हणजे हेच ना?

तेव्हा हा प्रयोग जरूर करा. फक्त एक विनंती, मुलांनी कितीही आग्रह केला तरी पुठ्ठा लगेच उचलू नका. त्यांना आधी विचार करू द्या.