डोंगराची ओळख खिंडीत

डोंगर किती उंच, असं विचारलं की आपण शिखराकडे बघतो. उंचीमापनाच्या कामात वर्षं गेल्यावर माझी नजर मात्र आधी खिंडीकडे जाते. एखादा उंचवटा स्वतंत्र डोंगर आहे की शेजारच्या डोंगराची सोंड, हे दोघांमधल्या खिंडीवर ठरतं. अलीकडे ब्रिटनमधल्या डोंगरांच्या याद्यांत फेरफार होत आहेत, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. विमानातून सोडलेल्या लेसरमुळे तिथल्या खिंडी आता नीट मोजता येतात.

तिथे डोंगरांची वर्गवारी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. त्या यादीतली सगळी शिखरं चढण्याचा ध्यास आजही कित्येक जण आयुष्यभर बाळगतात. २०१२ मध्ये ‘बेन अ ख्लाइव्ह’ या शिखराची जमिनीवरून काटेकोर मोजणी झाली, उंची ९१३.९६ मीटर भरली आणि हातभर कमी पडल्यामुळे ते यादीतून गेलं.

ॲलन डॉसन यांनी १९९२ मध्ये वेगळी कसोटी मांडली. समुद्रसपाटीपासूनची उंची कितीही असो, डोंगरानं भोवतालातून किमान १५० मीटर वर उठलेलं असावं. समजा, समुद्र हळूहळू चढतो आहे. डोंगराचं बेट होण्याआधी, त्याला अधिक उंच डोंगराशी जोडणारी जी शेवटची जमीन पाण्याखाली जाईल, ती त्याची निर्णायक खिंड. शिखर आणि ही खिंड यांच्या उंचीतला फरक म्हणजे डोंगराचा उठाव. या कसोटीला ब्रिटनमधले दीड हजारांहून अधिक डोंगर उतरतात. ३० मीटरची कसोटी लावली तर संख्या कितीतरी पटींनी वाढते.

अडचण होती ती खिंडीच्या आकड्याची. अनेक शिखरांवर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे खांब होते, नकाशावर त्यांची उंची छापलेली होती. खिंडीची उंची बहुधा समोच्च रेषांवरून अंदाजानं काढावी लागे, आणि दोन रेषांत दहा मीटरचं अंतर असेल तर त्या अंदाजात काही मीटर इकडेतिकडे होणारच. शिवाय रुंद, दलदलीच्या खिंडीत उभं राहिल्यावर नेमका बिंदू कुठला, हे डोळ्यांना कळत नाही.

लायडार इथे कामी येतं. विमानातून सेकंदाला लाखो लेसर स्पंद सोडले जातात आणि प्रत्येकाला परत यायला लागलेला वेळ मोजला जातो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन हिशेबात १५. विमानाची जागा आणि कल सतत नोंदवलेला असतो, म्हणून प्रत्येक स्पंदातून जमिनीवरच्या एका बिंदूची उंची मिळते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं आपली लायडार माहिती २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि पुढच्या वर्षी अख्खा देश एक मीटरच्या जाळीत मोजायला घेतला. झाडांची पानं गळलेली असताना, हिवाळ्यात ही उड्डाणं झाली. मूळ हेतू पुराचा अंदाज घेण्याचा होता. मला यातली संगती फार मोलाची वाटते. चढतं पाणी कुठून पलीकडे सांडेल, हाच प्रश्न पूरतज्ज्ञाचा आणि हाच डोंगराच्या उठावाचा.

तरीही लेसरचा शब्द अखेरचा मानू नये. जमिनीवर पडणारा लेसरचा ठिपका वीत-दोन वीत रुंद असतो, त्यामुळे टोकदार खडकाचा माथा निसटू शकतो. दाट झुडपात किरण जमिनीपर्यंत पोचेलच असं नाही. घरं-झाडं वगळणारी संगणकीय चाळणी कधी खरा सुळकाही कापून टाकते. चूक साधारण १५ सेंटीमीटरची धरावी लागते. इंग्लंडमधल्या कंब्रियातला ‘काफ टॉप’ हा डोंगर वर्गवारीतली दोन हजार फुटांची, म्हणजे ६०९.६ मीटरची मर्यादा फक्त सहा मिलिमीटरनं ओलांडतो. २०१६ मध्ये समुद्रसपाटीचं गणिती प्रारूप, म्हणजे जिऑइड, सुधारल्यावर त्याची उंची ६०९.६०६ ठरली. डोंगर तसूभरही हलला नव्हता. इतका सूक्ष्म निवाडा विमानातून होत नाही. त्यासाठी माथ्यावर उपग्रहांचे संकेत टिपणारं यंत्र तासन्‌तास मांडून बसावं लागतं. हजारो जागांमधून संशयास्पद जागा लायडारनं निवडाव्यात आणि तिथे माणसानं लेव्हल-स्टाफ, म्हणजे पातळी बघण्याची दुर्बीण आणि मोजकाठी, घेऊन जावं, अशी ही वाटणी आहे.

सह्याद्रीत हे काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कळसूबाईचे १६४६ मीटर शाळकरी मुलांनाही पाठ असतात, पण अलंग आणि मदन या गडांमधल्या खिंडीची उंची क्वचितच कुणी विचारतो. आपल्या १:५०,००० नकाशांवर समोच्च रेषा वीस मीटर अंतरानं असतात, तेवढ्यावर उठाव ठरवणं धाडसाचं आहे. उभे कडे, सुळके आणि सपाट सडे यांमुळे इथली मोजणी ब्रिटनपेक्षा अवघड ठरेल. उड्डाणंही पावसाळ्यानंतरचं गवत वाळून, पानगळ झाल्यावरच करावी लागतील.

मात्र पहिली सुधारणा विमानाशिवायही करता येईल. ट्रेकर्सच्या याद्यांत आणि पुस्तकांत डोंगराची उंची छापताना ती कधी, कशी मोजली आणि किती मागेपुढे असू शकते, हे शेजारी छापावं. नव्या मोजणीनं आकडा बदलला तर कुणाला डोंगराचा अपमान झाल्यासारखं वाटू नये. यादी दुरुस्त करत राहणं हा डोंगराचा मान राखण्याचाच भाग आहे.