चांगदेवच्या संगमावर

खानदेशास समुद्र नाहीं. परंतु तापीमाईचा कांठ आहे. मुलताईस उगम पावून पश्चिमेस धांवणारी ही नदी जळगांव जिल्ह्यांत चांगदेव येथें पूर्णेस भेटते. १९८२ सालीं पुरें झालेल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळें तेथें आतां सागरासारखें विस्तीर्ण पाणी दिसतें.

गेल्या माघांत नातवास घेऊन मी तेथें गेलों. सकाळीं ऊन स्वच्छ होतें. चांगदेवाच्या जुन्या दगडी देवळांत दर्शन घेऊन आम्ही कांठाकांठानें निघालों. कवड्या खंड्या हवेंत एकाच जागीं फडफडे आणि दगडासारखा पाण्यांत पडे. इतक्यांत नातवानें दूर उथळांत एक केशरी जोडी दाखविली. चक्रवाक! पस्तीस वर्षें मुलांना शिकविला; प्रत्यक्ष दिसला तो वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आणि तोही ‘पासष्टी’च्या चांगदेवाच्या दारीं!

दुपारीं वारा फिरला. सातपुड्याकडून काळे ढग उतरले, वीज कडाडली. १२९७ सालीं याच तापीतीरावर मुक्ताबाई विजेच्या लखलखाटांत गुप्त झाल्या अशी परंपरा आहे. ती आठवून अंगावर कांटा आला. केळीच्या मळ्यांतील एका शेतकऱ्यानें आम्हांस खोपटांत बोलाविलें. “बसा बाबा. गार पडली तर आमचं वर्ष गेलं,” एवढेंच बोलून तो घडांकडे पाहत राहिला. सुदैवानें चार सरींवर भागलें.

सायंकाळीं आभाळ निवळलें. चक्रवाक लडाख-तिबेटाकडे वीण करून हिवाळ्यापुरते इकडे येतात. रात्रीं नरमादीस विरह घडतो, हा कविसंकेत. वस्तुतः हे पक्षी पुष्कळदां रात्रींच चरतात. अंधारांतील त्यांच्या हाकांवरूनच कवींनीं विरह कल्पिला असावा.

काळोख पडतांच जोडी दिसेनाशी झाली. एक हाक आली. कांहीं अंतरावरून दुसरी आली. माझ्या कुटुंबाला महाशिवरात्रीच्या यात्रेस येथें आणण्याचें मीं अनेकदां कबूल केलें होतें. कधीं शाळेच्या परीक्षा, कधीं घरचें कार्य, असें होतां होतां दोन वर्षांपूर्वीं ती गेली.

“आजोबा, उत्तर आलं!” नातू म्हणाला.

मीं “होय” म्हटलें आणि त्याचा हात धरून वाटेला लागलों.

ज्यांना हे पक्षी पाहावयाचे असतील त्यांनीं उन्हाळा लागण्यापूर्वीं जावें. घरांतील कोणास नेण्याचें कबूल केलें असेल, तर तें पुढल्या सालावर टाकूं नये.