तारा किती हव्यात?

भाचा शिरोळच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याला बास गिटार घ्यायची होती, पाच तारांचीच. "मामू, पाचव्या तारेनं खर्ज आणखी खाली जातो," तो म्हणाला. जादा पैसे आपाच्या शिवणकामातले होते.

मी त्याला शेजारच्या मिरजेची गोष्ट सांगितली. तिथं शस्त्रांना धार लावणारे शिकलगार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंबोरे घडवू लागले. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याला बहुधा चारच तारा : पंचम, जोडाचे दोन षड्ज, खर्ज. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमात लावतात. तार तीच, बदलतो तो स्वर.

"तुमचा गवय्या कोणत्या पट्टीत गातो?"

"बहुतेक पांढरी दोन."

म्हणजे डी. चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार ई. ती दोन स्वर-घरं उतरवली की डी, खालचा षड्ज हाती येतो. गवय्या पांढरी एकमध्ये गाणारा असता, तर खाली बी असलेली पाचवी तार खरंच लागली असती.

भाच्यानं चार तारांची घेतली. उरलेले पैसे त्यानं आपाच्या हातात ठेवले. तिनं शिलाई मशीनचा पट्टा बदलून घेतला.