डिस्चार्जनंतरचा हात

आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा शिधापत्रिका कामी आली. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने कागद लावले, बिल महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गेलं. आता ती पनवेलजवळच्या नेऱ्याला घरी आहे, उजवा हात मांडीवर ठेवून. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम हवाच. मग मी फिजिओ शोधू लागलो, योजनेत बसणारा.

तसा मिळायचा नाही, हे हळूहळू उमगलं. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं रायगडही होतं. पण तिचा हिशेब पॅकेजचा: दाखल व्हा, उपचार घ्या, घरी जा. महिनोन्‌महिने चालणारा बाह्यरुग्ण व्यायाम त्यात बसत नाही. पाच लाखांचं आयुष्मान कार्डही तिथे मुकंच. शस्त्रक्रिया दिसते, व्यायाम दिसत नाही. सरकारला काय, आपल्यालाही.

गंमत म्हणजे इथेच, नेऱ्यात, शांतिवन आहे, कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं स्नायुबंध हलवून सरळ करण्याची शस्त्रक्रिया डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला रुजवली. तिच्यातही नंतर हाताला नव्याने शिकवावं लागतंच.

सरकारी रुग्णालयात फिजिओ स्वस्त, पण आईला रिक्षातून रोज पनवेलला कसं न्यायचं? शेवटी घरी येणारी एक ताई ठरवली, रोखीने. आठवड्यातून एकदा यायचं, बाकी वहिनीला शिकवायचं. आईची तक्रार एवढीच, की वहिनी फार जोरात ओढते.